वलांडीचा पहिला खांब

घोलवड स्टेशनला उतरून रिक्षाने आमच्या गावाकडे आलात, की सुरूचं बन संपतं तिथे लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खांबावर एक निळी पाटी लागते. ‘इथल्या समुद्राला घाई नाही. तुम्हीही करू नका. भिंती रंगीत आहेत, माणसं साधी आहेत, आणि नजर जाईल तिथवर नुसती वाळू आहे.’ खाली तेच गुजरातीत आणि हिंदीत. शनिवार-रविवारी सुरतेकडचे, वापीचे, मुंबईचे पाहुणे त्या खांबाला टेकून फोटो काढतात. सुट्टीत कुठे जावं याच्या याद्या लोक एकमेकांना पाठवतात, त्यात हल्ली आमचं गाव असतं, आणि फोटोखाली ही वाक्यं असतात.

वाक्यं माझी आहेत. पहिली दोन मला अजून आवडतात. शेवटचं खोटं आहे.

नजर जाईल तिथवर नुसती वाळू आमच्याकडे कधीच नव्हती. वलांड्या होत्या. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते. वाळूत उभे खांब रोवायचे, त्यांना आडवे बांबू बांधायचे, एकावर एक तीन-चार, आणि त्यांवर ओले बोंबील वाळत घालायचे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवले की जोडी बांबूच्या दोन्ही अंगांना लोंबते. ना दोरी लागते, ना चिमटा. माझी आई गप्पा मारता मारता जोड्या लावते, हाताकडे बघतसुद्धा नाही. पाऊस गेला की दसऱ्याच्या आसपास वलांड्या उभ्या राहायच्या, त्या थेट पुढच्या पावसाच्या तोंडावर उतरायच्या. भरल्या वलांड्यांच्या मधून चाललं की दोन्ही बाजूंना चांदीच्या भिंती. हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नाही.

कुणाची वलांडी कुठे, याचा कागद नाही. नियम आहे. हंगामाच्या पहिल्या दिवशी घरातली मोठी बाई आपल्या जागी पहिला खांब रोवते, त्याला हळदकुंकू लावते, नारळ फोडते. झालं, जागा त्या घराची. पण एखाद्या जागेवर खांब हंगाम संपेपर्यंत उभा राहिला नाही, तर जागा सुटली. पुढच्या हंगामात जो आधी खांब रोवेल आणि नारळ फोडेल, त्याची. त्यावर भांडण करायचं नाही. म्हणून घरात आजारपण असो, बाळंतपण असो, मयत झालेलं असो, बायका निदान एक खांब लावून ठेवायच्याच. त्यावर एकही बोंबील नसला तरी चालतं. खांब हवा.

आमची जागा ताडाच्या जोडझाडासमोर. आईला ती तिच्या सासूकडून आली. पहाटे जमिनीकडून सुटणारा वारा तिथे कशाला अडत नाही, त्यामुळे आमचा बोंबील दोन उन्हांत खडखडीत व्हायचा. त्या जागेवर आईने आम्हाला वाढवलं, शिकवलं. ती जागा आज आमची नाही. का नाही, तेच सांगायचं आहे.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून लिहिते. मला ते ज्याने शिकवलं त्या माणसाला मी दादा म्हणते, म्हणजे म्हणायचे. त्याची चिकूची वाडी आहे घोलवडच्या बाजूला, बापजाद्यांची. मी अकरावीत होते तेव्हा आमच्या किनाऱ्यावरून रेती उपसणाऱ्यांच्या विरोधात गाव उभं राहिलं, आणि वाडीवाल्यांपैकी हा एकटा आमच्या बाजूने आला. ट्रॅक्टरच्या पुढे बसला. मार खाल्ला. हे मी नाकारणार नाही. नाकारता आलं असतं तर सगळं सोपं झालं असतं.

त्याच्या वाडीतल्या शेडमध्ये, चिकूच्या खोक्यांवर कागद ठेवून, त्याने मला पत्रक शिकवलं. एका वाक्यात एकच गोष्ट. विशेषण दिसलं की काप. आणि खाली नाव घालायचं नाही, मागणी गावाची असते. माझं पहिलं पत्रक त्याने चार वेळा फाडलं. पाचव्यांदा म्हणाला, पहिल्या खांबाचा तो नियम यात टाक, शहरातल्या माणसाला असलं काही माहीतच नसतं. मी सगळा नियम लिहिला, जागा कशी लागते आणि कशी सुटते तोसुद्धा. त्याने तो नियम माझ्या कागदावरून वाचला. लक्षात ठेवला.

रेतीवाले गेले. मग तीन-चार वर्षांनी दादा नवीन गोष्ट घेऊन आला. पर्यटन. मी पहिल्यांदा हसले. तो म्हणाला, हसू नकोस, विचार कर. रेतीवाले का आले? कारण आपलं गाव कुणाला दिसत नव्हतं. जे गाव लोक बघायला येतात ते कुणाला पुसता येत नाही. वाडी बघतील, चिकू खातील, मग किनारा, मग कोळी घरातलं जेवण. सुट्टीची दोन दिवसांची चक्कर. पैसा गावातच राहील.

यात चूक काय होतं? आजही मला ते वाक्य खोडता येत नाही.

घरं रंगवायचं ठरलं. कुठून कुठून मुलं-मुली ब्रश घेऊन आली. आठ-दहा दिवसांत गल्ली निळी, पिवळी, गुलाबी झाली. आमच्या भिंतीवर त्यांनी मोठा मासा काढला. आई बाहेर येऊन त्याच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, याला कल्ले नाहीत, हा श्वास कसा घेतो? रंगवणारी पोरगी हसली आणि तिने कल्ले काढले. ते दिवस बरे होते. म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या भिंतींना नावं ठेवत होत्या, शेजारची काकी म्हणायची, माझं घर बर्फाच्या गोळ्यासारखं केलंय मेल्यांनी. पण रोज सकाळी भिंत पुसायची.

पाटीचा मजकूर दादाने माझ्याकडे मागितला. मी ‘नुसती वाळू’ लिहिलं तेव्हा खिडकीतून मला वलांड्या दिसत होत्या. तरी लिहिलं. वाक्याला लय आली होती.

मग वास निघाला. म्हणजे वास होताच, पाहुण्यांच्या नाकात तो तेव्हा गेला. बोंबील वाळतो तेव्हा वास येणारच. पाहुणे दादाला तक्रार करायचे, दादा मला सांगायचा. शेवटी त्याने बायकांची बैठक घेतली, समाजमंदिरात, दुपारी. म्हणाला, एक हंगाम. फक्त एक हंगाम वलांड्या खाडीच्या बाजूला लावा. तोवर मी पाठपुरावा करतो, पुढच्या हंगामाला किनाऱ्यावरच पक्के ओटे आणि लोखंडी वलांड्या उभ्या करून देतो. पाहुणेपण राहतील, बोंबीलपण राहील.

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. दादाकडे नाही, माझ्याकडे. मी त्यांच्यातली, शिकलेली, रेतीवाल्यांच्या वेळी त्यांच्यासाठी भांडलेली. मी म्हटलं, दादा आपला माणूस आहे.

आई एवढंच म्हणाली, “हंगाम रिकामा गेला की जागा सुटते.”

मी सगळ्यांसमोर तिला उत्तर दिलं. म्हटलं, आये, तो नियम आपला आपल्यात. दादा काय खांब रोवायला येणार आहे? बायका हसल्या. दादाही हसला. आई हसली नाही. ती म्हणाली, बरं, पण माझ्या जागी मी एक खांब ठेवणार. दादा लगेच म्हणाला, ठेवा की मावशी, एका खांबाने काय होतंय. काकी म्हणाली, एकीचा राहिला की सगळ्यांचा राहिला, आपण काय वेगळ्या आहोत का. आणि बाकीच्यांनी आपले खांब काढले.

हीच आमची चूक. दुसरीकडच्या माणसाला ती कळणारही नाही. सगळ्या बायकांनी आपापला हक्क माझ्या आईच्या एका खांबावर टेकवला.

मी पत्रक काढलं. ‘आम्ही किनाऱ्यावरच्या महिला, गावाच्या भल्यासाठी, एका हंगामापुरत्या वलांड्या स्वखुशीने हलवत आहोत.’ ‘स्वखुशीने’ हा शब्द मला फार आवडला होता. कुणी म्हणायला नको की जबरदस्ती झाली. खाली बायकांच्या सह्या आणि अंगठे. त्या एकाच पत्रकावर नावं आली, आणि ती नेमकी त्यांची आली, माझं नाही.

दिवाळी झाली. कुठल्याशा मोठ्या प्रवासी मासिकाचे लोक फोटो काढायला येणार होते. सकाळी सातला दादाचा फोन आला. आई खाडीवर गेलेली. दादा किनाऱ्यावर कॅमेरेवाल्यांबरोबर उभा होता. वाळू ओली, भरती नुकती उतरलेली, लांबपर्यंत आकाश वाळूत पडलेलं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. आणि मध्ये आमचा एक खांब.

“अर्ध्या तासाचं काम आहे,” दादा म्हणाला. “काढ, फोटो झाला की लाव परत.”

मी खांब हलवला. वाळू त्याला सहज सोडत नव्हती, दोन्ही हातांनी मिठी मारून उपसावा लागला. दादाने हात लावला नाही. तेव्हा वाटलं, कॅमेऱ्याच्या नादात आहे. आता तसं वाटत नाही.

फोटो व्हायला दुपार झाली. खांब सुरूच्या झाडाला टेकवून मी जेवायला गेले. संध्याकाळी आले तर खांब तिथे नव्हता. दादा म्हणाला, पोरांनी उचलला असेल, दुसरा देतो उद्या. उद्या मी डहाणूला गेले, परवा दुसरंच काही. मी खांब काढल्याचं आईच्या कानावर गेलं होतं. तिने आठ दिवसांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, लावते. आई त्या दिवसांत पहाटे खाडीवर जायची ती अंधार पडल्यावर यायची, किनाऱ्याकडे तिची फेरीच नव्हती. पुन्हा तिने विचारलं नाही. मुलीने सांगितलं म्हणजे लावला असेल, असं तिने धरलं. मी लावला नाही. विसरले असं म्हणता येईल, पण रोज त्या जागेवरून जात होते. खरं हे, की मला तो आता तितकासा महत्त्वाचा वाटत नव्हता.

खाडीची बाजू म्हणजे तिवरांच्या मागे. तिथे वारा येत नाही. चिखलाची वाफ येते, माश्या येतात. तो हंगाम आमच्या बोंबलाचा वाया गेला. दोन उन्हांचं काम पाच दिवस चालायचं आणि तरी आत ओल राहायची. रंग पिवळा.

तलासरीच्या आठवडी बाजारात आईची बसायची जागा ठरलेली आहे, गिऱ्हाईकंही ठरलेली. सायवनकडची एक आजी आहे, डोंगरातल्या पाड्यावरून येते, भात आणि नागली पिकवणारं घर. पावसाळ्यासाठी सुका बोंबील ती आईकडूनच न्यायची, मी लहान होते तेव्हापासून. घ्यायची पद्धत ठरलेली. एक बोंबील उचलायचा, कानाजवळ धरून मोडायचा. त्याने कट्ट केलं की टोपली पुढे करायची. त्या वर्षी तिने मोडला. तो मोडलाच नाही, वाकला. तिने दुसरा घेतला, तोही वाकला. तिने दोन्ही परत नीट जागेवर ठेवले.

“बाई, यंदा तुझा बोंबील बोलत नाही,” ती म्हणाली.

आईने जागेचं, खाडीचं काही सांगितलं नाही. म्हणाली, खरंय, नको नेऊ, तुझ्या घरात बुरशी धरेल. आजी थोडा वेळ उगाच बसून राहिली आणि मग पलीकडच्या बाईकडे गेली. मी तिथे पिशव्या धरून उभी होते. मी आईला म्हटलं, एकच हंगाम आहे. ती म्हणाली, हो.

पुढच्या दसऱ्याला पक्के ओटे नव्हते. विचारलं की दादा म्हणायचा फाईल पुढे गेलीय. आईने वाट बघितली नाही. हंगामाच्या पहिल्या सकाळी तिने नवा खांब घेतला, मी नारळ आणि हळदकुंकवाचं ताट. काकी आणि इतर बायका मागून येत होत्या. सूर्य वर यायचा होता.

ताडाच्या जोडझाडासमोर छत्र्या होत्या. रंगीत, मोठ्या, एका ओळीत, खाली पडून राहायच्या खुर्च्या. प्रत्येक वलांडीच्या जागी एक. आमच्या जागेवर पिवळी. तिच्या खांबाला हळदकुंकू लावलेलं, आणि बुडाशी फोडलेल्या नारळाची दोन शकलं.

दादा तिथेच होता. खुर्च्या पुसून घेत होता. आम्हाला बघून दचकला नाही, उलट पुढे आला. म्हणाला, “मावशी, तुमच्या नियमाप्रमाणेच केलंय. हंगाम रिकामा गेला होता.”

आईने खाली वाकून नारळाची शकलं बघितली. मग तिने विचारलं, “हळदकुंकू कुणी लावलं?”

“बायकोने.”

“मग बरोबर आहे,” आई म्हणाली.

मी ओरडायला लागले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तू बैठकीत हसला होतास, हे बोलले. आईने माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाली, आवाज कमी कर, पाहुणे उठतील. मग तिने आपला खांब खांद्यावर घेतला आणि खाडीच्या वाटेला लागली. बाकीच्या बायका तिच्या मागे. काकी जाताना माझ्याजवळ थांबली. खालच्या आवाजात म्हणाली, “तुझ्या आयचा खांब आहे म्हणून आम्ही आमचे काढले गो. तो कुठे गेला?”

त्याचं उत्तर मला परत जाताना मिळालं. सुरूच्या बनापाशी निळी पाटी नवीन लागली होती. तिच्या खांबाला लाल-पांढरे पट्टे रंगवले होते, तरी तो आमचाच हे मी ओळखलं. खालून हातभर उंचीवर, आडवा बांबू बांधून बांधून पडलेली खाच होती.

दुसऱ्या दिवशी मी दादाच्या शेडवर गेले. चिकू भरण्याचं काम चालू होतं, खोकी गाडीसाठी बाहेर लावलेली. जागा परत दे, असं म्हणायला तोंड नव्हतं. नियम आईनेच मान्य केला होता. मी म्हटलं, निदान पाटीवरची माझी वाक्यं काढ.

तो खोक्यावर शिक्का मारत होता, मारत राहिला. म्हणाला, “त्यावर तुझं नाव कुठे आहे? पत्रकावर नाव नसतं. गावाची आहेत ती वाक्यं.”

मी त्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दिल्या नाहीत. कारण ते वाक्य ऐकताना मला पहिली गोष्ट जाणवली ती ही, की ते चांगलं वाक्य आहे. एकच गोष्ट, विशेषण नाही.

मग मी तलासरीच्या तहसील कचेरीत गेले. पुरावा म्हणून जे होतं ते सगळं नेलं. वहिवाटीचा नियम छापलेला तो एकच कागद होता, माझं जुनं पत्रक. तेही नेलं, दुसरंही नेलं. टेबलावरच्या बाईंनी दोन्ही नीट वाचली. चांगल्या होत्या, चहा विचारला. मग दोन्ही कागद माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, हे जोडू नका ताई. एकात तुम्हीच म्हणताय जागा सुटते. दुसऱ्यात म्हणताय स्वखुशीने सोडली. आणि तो मासिकातला फोटो समोरच्यांनी आणला तर त्यात रिकामा किनारा आहे. मी विचारलं, मग काय जोडू? त्या म्हणाल्या, जे झालं ते लिहा. पहिल्यापासून.

गेल्या आठवड्यात मी लिहिलं. दोन पानं. दादाची फसवणूक, बैठक, ओट्यांचं आश्वासन, छत्र्या, नारळ, पाटीचा खांब. जोरदार झालं होतं. आई खाडीवर जोड्या लावत होती, मी शेजारी दगडावर बसून तिला वाचून दाखवलं. तिला अक्षर ओळखता येतं, पण एवढं सलग वाचत नाही. ऐकताना तिचे हात चालू होते.

“आणि आपला खांब?” तिने विचारलं.

मी म्हटलं, आहे की त्यात. ‘फोटोच्या नावाखाली शेवटचा खांबही हटवण्यात आला.’

“कुणी हटवला ते नाही आलं.”

“त्याने सांगितलं म्हणून...”

“त्याने सांगितलं. उपसला कुणी?”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी वाद घातला असता, मला वाद घालता येतो. ती पुढची जोडी लावत होती. मी उपसला हे तिला वर्षभर माहीत होतं, आणि वर्षभर तिने मला त्याचा जाब विचारला नव्हता. तिने काकीला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. मी दादावर जितकी चिडले होते तितकी ती माझ्यावर चिडू शकली असती. खाडीवर बसून, वास मारणाऱ्या बोंबलांच्या मध्ये, मी पहिल्यांदा हिशेब असा मांडला: दादाला मी परकी नव्हते, तरी त्याने फसवलं. आणि आईला तर मी परकी नव्हतेच.

मी कागद मांडीवर घेतला. ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं: ‘आमच्या जागेवरचा शेवटचा खांब मी माझ्या दोन हातांनी उपसला. आईला विचारलं नाही. परत लावते म्हणाले आणि लावला नाही.’ मग तळाशी पूर्ण नाव लिहिलं, आईचंही नाव त्यात घालून, गावासकट.

“वाच,” आई म्हणाली.

मी वाचलं. तिने मान हलवली आणि टोपलीतले ओले बोंबील माझ्या बाजूला सरकवले. मी जोड्या लावायला बसले. मला अजून बघून लावाव्या लागतात.